आबा मास्तरांच्या मागावर

आबा नाकेदार फुटबॉलची एकही मॅच चुकवत नसत. पण चेंडूकडे बघत नसत. सगळं मैदान चेंडूमागं मान फिरवत असताना आबांची नजर रेघेबाहेर उभ्या असलेल्या हमीद मास्तरांवर. आमच्यावर गोल झाला की ते मला विचारत, ‘‘मास्तर हसला का रं?’’

आबा मंगळवार पेठेत आमच्या समोर राहायचे, एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जन्म संस्थानच्या जकात नाक्यावर गेला. गाडीतल्या कडब्यात लोखंडी गज खुपसून आत काय दडवलंय ते बघायचं, हे काम. संस्थान विलीन झालं, आबा पेन्शनीत निघाले. गज नाक्यावर राहिला, संशय तेवढा घरी आला. कुणी लग्नाची पत्रिका दिली तरी आबा ती उलटीपालटी करून म्हणत, ‘‘ह्यात कायतरी हाय.’’

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ म्हातारा झाला, तेव्हा शिकवायला हमीद मास्तरांना आणलं. मूळचे आजऱ्याचे, एका शाळेत ड्रिल शिकवायचे आणि राजारामपुरीत खोली घेऊन राहायचे. संघ नव्यानं बांधायला तीन वर्षं लागतील, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आल्या आल्या त्यांनी पेठेचे नावाजलेले खेळाडू बाहेर बसवले आणि मिसरूड न फुटलेली पोरं उतरवली. आम्ही हरू लागलो, तेही सपाटून. मास्तरांना पलीकडच्या पेठेनंच पाठवलंय, याबद्दल आबांना शंका उरली नाही. सराव संपवून मास्तर घराकडे निघाले, की काखेत छत्री मारून आबा त्यांच्या मागावर निघत.

सकाळी कट्ट्यावर आम्हाला बातमी मिळे. ‘‘काल पानपट्टीवर थांबला. पान खाल्लं न्हाय. मग थांबला कशाला?’’ एकदा मास्तरांनी केळी घेतली, तर एकटा माणूस एवढी केळी कुणासाठी घेतो, यावर आबांनी आठवडा काढला.

दुसरा हंगाम पहिल्याहून वाईट गेला. तालमीत बैठक बसली. मास्तरांना काढायचं हे जवळपास ठरलंच होतं. मीही त्याच मताचा होतो. आबांनी पुरावा तेवढा मांडावा, असं अध्यक्षांनी सुचवलं.

आबांनी छत्री बाजूला ठेवली आणि उठले. मग म्हणाले, ‘‘दोन वर्सं मागं हाय मी त्याच्या. कायबी गावलं न्हाय.’’

अध्यक्ष म्हणाले, मग एवढे दिवस सांगितलं ते काय?

‘‘ते सोडा. राजारामपुरीच्या चढाला माझा दम लागतो. मी थांबलो की ह्यो फुडं बुटाची नाडी बांधत बसतोय. मी निघालो की निघतोय. पानपट्टीवर बी त्यासाठीच थांबायचा. पयल्या महिन्यापास्नं ठावं हाय त्याला, मी मागं हाय त्ये. मला कधी बोलला न्हाय, तुम्हाला बी न्हाय.’’ आबांनी छत्री उचलली. ‘‘पोरं कच्ची हायती. तीन वर्सं मागितल्यात, एक ऱ्हायलंय, द्या की.’’

मास्तर राहिले. पुढच्या हंगामात त्याच पोरांनी पलीकडच्या पेठेला हरवलं, अंतिम सामना मात्र गमावला. पण ते नंतरचं.

बैठकीनंतर आबांना मागं जायला कारण उरलं नाही. संध्याकाळ झाली की ते उंबऱ्यावर बसून राहत. कट्ट्यावर येणं बंद झालं, छत्री खुंटीला लागली. चौकशी केली तर गुडघा दुखतो म्हणत.

आठवडाभरानं, सराव संपवून मास्तर त्यांच्या दारात आले. मी माझ्या पायरीवर होतो. मास्तर जरा अवघडूनच उभे होते.

‘‘आबा, बरं न्हाय काय?’’

‘‘बरा हाय की.’’

‘‘मग येत न्हाय मागनं? चुकल्यासारखं होतंय.’’

आबांनी त्यांच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत गेले, टोपी घातली आणि दाराला कडी लावली. ती ओढूनही बघितली. दोघं निघाले. कोपऱ्यापर्यंत आबा सवयीनं चार पावलं मागंच होते. तिथं मास्तर थांबले. नाडी बांधायला खाली वाकले नाहीत, नुसतेच वळून उभे राहिले. आबा त्यांच्याजवळ पोचले, तेव्हा कुठं दोघं पुढं गेले.