एकदा सुलट, एकदा उलट

मुलांनो, आमच्या शेजारचे गावंडे सर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात: एकदा सुलट, एकदा उलट. परवा मी त्यांना शिरा दिला. "वहिनी, शिरा फस्टक्लास!" मी हसले. लगेच, "वहिनी, पार बिघडवला तुमी शिरा." मी पातेलं उचललं. सर खूश. "पाहा, फरक सापडला!"

त्यांच्या पत्नी कुसुमताई अर्धांगाचा झटका आल्यापासून अंथरुणावर आहेत, म्हणून डबा माझ्याकडून जातो. त्यांना आता कोणी ओळखू येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडून तपासलं काय तुमी?" सरांनी डॉक्टरांनाच विचारलं.

हे खूळ परदेशातलं. तिथल्या प्रयोगशाळेत सर तरुणपणी प्रोटॉनच्या मागे लागले होते. प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला इवलासा भोवरा. तो फोडून आत बघता येत नाही. मग त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे, आधी उजव्या गिरकीचे, मग डाव्या गिरकीचे, आणि ते आपटून कसे उडतात यातला फरक मोजायचा. त्या फरकावरून आतली गिरकी कळते. आतल्या कणांकडे तिचा थोडाच वाटा निघाला. उरलेला कुठे गेला, हे सर तेव्हापासून अख्ख्या अमरावतीला विचारतात. अमरावतीला सवड नाही.

भाजीवाल्या गंगाबाईंना ते "मेथी लय ताजी" आणि "मेथी शिळी" एका दमात ऐकवतात. "सर, एकावर राहा ना! मले दुसरं गिऱ्हाईक नाही काय?"

माझ्या पुतणीला पाहायला अकोल्याचा मुलगा आला, तर सर त्याला म्हणाले, "हुशार दिसता." मग म्हणाले, "बावळट दिसता." मुलगा दोन्ही वेळा "थँक्यू" म्हणाला.

"फरक शून्य. आत काहीच नाही," सरांनी पाहुण्यांसमोर निकाल दिला. सोयरीक मोडली. पुतणी मात्र अजून त्यांना दिवाळीचा फराळ पाठवते.

काल डबा घेऊन गेले. दार उघडंच होतं. सर पलंगावर वाकले होते.

"कुसुम, मी आलो."

कुसुमताईंची नजर छताला.

"कुसुम, मी चाललो."

चादरीवरचा हात हळूहळू सरकला आणि सरांच्या सदऱ्याचं टोक मुठीत आलं.

आता हे "फरक सापडला!" म्हणून ओरडणार, असं मला वाटलं. सर तिथंच पलंगाशी बसले.

"कुठंच नाही जाऊन राहिलो मी, कुसुम."

मी सवयीने उलट वाक्याची वाट पाहत उभी राहिले. ते काही आलं नाही.