खुर्चीवरचा डबा

खांबेटे सरांनी आमच्या विभागप्रमुखांच्या छत्रीला लोकरी मोजा घातला, तो क्योतोतल्या प्रयोगशाळेतला माझा पहिलाच दिवस होता. पुण्यात एकोणीस वर्षे महाविद्यालयात शिकवून झाल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी पीएच.डी. करायला तिथे गेले होते. बाहेर पाऊस होता. दाराशी छत्र्या उभ्या करण्यासाठी गोल भोकांची एक लोखंडी चौकट होती. सरांनी मोजा चढवलेली छत्री एका भोकात खुपसण्याचा प्रयत्न करून दाखवला. ती आत जाईना.

"छत्री मोडली का, पाध्येबाई?"

"नाही, सर."

"मेली?"

"नाही."

"नुसती आत जात नाही. संपलं! हेच आपलं संशोधन."

भोक म्हणजे पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर, छत्री म्हणजे विषाणू आणि मोजा म्हणजे प्रतिपिंड, हा उलगडा नंतर झाला. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला आधी त्या रिसेप्टरला घट्ट धरावे लागते. ज्या टोकाने तो धरतो, त्या टोकावरच प्रतिपिंड जाऊन बसले की विषाणू बिचारा बाहेरच राहतो.

मी धीर करून विचारले, "त्यापेक्षा भोकच बुजवलं तर?"

सरांचा चेहरा उतरला. "आणि घरच्या छत्रीने जायचं कुठे? रिसेप्टर काय विषाणूसाठी केलेला असतो? पेशीची स्वतःची कामं असतात हो त्याच्यावर. विषाणू नुसता गैरफायदा घेतो. भोक बुजवू नका बाई, मोजा घाला!"

विभागप्रमुख एवढा वेळ शेजारी शांतपणे उभे होते. त्यांनी मोजा काढला, त्याची घडी केली, दोन्ही हातांनी ती सरांना परत दिली आणि किंचित वाकून ते पावसात निघून गेले.

'भोक बुजवू नका, मोजा घाला' हे सरांच्या बोलण्यातले कायमचे पालुपद होते. त्यांच्या गल्लीत कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडत असत. रहिवाशांच्या बैठकीत सगळे जण जाड जाळी आणावी की झाकणाची पेटी, याची चर्चा करत असताना सरांनी मोडक्या जपानीत सुचवले, की पिशव्या झाकण्यापेक्षा कावळ्यांच्या चोचींना मोजे घालावेत. बैठकीच्या वृत्तांतात ही सूचना आदरपूर्वक नोंदवली गेली, असे ते अभिमानाने सांगत.

विषाणू सोडून त्यांना बोलताच येत नसे. "सर, घरी कोण कोण असतं?" असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "पेशीच्या?" आणि पुढची वीस मिनिटे फळ्यावर आकृती काढत राहिले. ते एकटे राहतात, हे मला वर्षभराने, तेही दुसऱ्याकडून कळले.

मला मात्र त्या मजल्यावर मराठी बोलणारे ते एकटेच होते. दुपारी त्यांच्या टेबलाशी बसून जेवावे, चार शब्द आपल्या भाषेत बोलावेत, एवढीच माझी इच्छा होती. पण सरांच्या शेजारच्या खुर्चीवर नेहमी एक डबा ठेवलेला असे. त्यांचा स्वतःचा डबा समोर टेबलावर, आणि हा दुसरा खुर्चीवर, रुमालात बांधलेला. कोणी बसू लागले की सर तत्परतेने जपानीत म्हणत, "माणूस यायचा आहे." तो माणूस कधी आलेला मी पाहिला नाही. यायचाच असेल, अशी समजूत घालून मी माझा डबा घेऊन मागच्या जिन्यात जाई आणि पायरीवर बसून जेवी.

पहिले वर्ष संपता संपता एके दिवशी मी मनाचा हिय्या केला. मराठीत विचारावे, तर मी खास त्यांच्यासाठीच आले हे उघड झाले असते. म्हणून इतर सगळे विचारतात तसे, पाठ केलेल्या आदरार्थी जपानीत, त्यांच्या पाठीमागे उभी राहून विचारले, "ही जागा मोकळी आहे का?"

सर समोरच्या विद्यार्थ्याला काकडीच्या चकतीवर रिसेप्टर दाखवत होते. मागे न वळता ते म्हणाले, "माणूस यायचा आहे."

मी क्षमा मागितली आणि जिन्यात गेले. त्यानंतर पुन्हा विचारले नाही.

गेल्या मार्चमध्ये सरांचा तिथला नोकरीचा करार संपला. निरोपाच्या दिवशी हातात फुलांचा गुच्छ घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले, बराच वेळ माझ्या सूक्ष्मदर्शकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वेळेवर जेवत जा, पाध्येबाई. जिन्यात फार गार असतं."

मी जिन्यात जेवते हे यांना कसे ठाऊक, असा प्रश्न मला पडला. तोही मी विचारला नाही.

सर भारतात परतून चार दिवस झाले असतील. आमच्या कार्यालयाचे काम पाहणाऱ्या मोरी-सान माझ्यापुढे तो रुमालात बांधलेला डबा ठेवून जपानीत म्हणाल्या, "हा काम्बेते-सान विसरले. तुम्ही मराठी आहात, तुम्हीच पाठवा. मला मात्र आता थालीपीठ कुठून मिळणार?"

"थालीपीठ?"

"रोज दीड वाजला की हा डबा माझ्या टेबलावर यायचा. 'आजही पाहुण्या आल्या नाहीत, तुम्ही खा.' दोन वर्षांत माझं वजन किती वाढलं, ते विचारू नका."

"पाहुण्या म्हणजे कोण?"

मोरी-सान माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही. जिन्यात जेवणाऱ्या."

मी विचारले, "त्यांनी मला बोलावलं का नाही?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाले, बाई संकोची आहेत, बोलावलं तर नाही म्हणता येणार नाही. आपणहून आल्या पाहिजेत, तोवर आपण जागा धरून ठेवायची. तुम्ही एकदा आला होतात ना? तुमची पाठ दिसली तेव्हा त्यांना कळलं. जिन्याच्या दारापर्यंत धावत गेले होते. दार लागलं होतं, तसेच परत आले. त्या दिवशी त्यांचाही डबा मीच खाल्ला."

जगाला भोक न बुजवण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाने माझ्यासाठी एक खुर्ची अडवली, आणि जिच्यासाठी अडवली तिलाच ती मिळाली नाही. याबद्दल मी सरांना बोल लावू शकत नाही. दार उघडून तेवढेच वाक्य मराठीत विचारणे मलाही शक्य होते.

आता मी त्याच टेबलाशी जेवते. शेजारची खुर्ची मोकळी असते. तिच्यावर मी पिशवीसुद्धा ठेवत नाही. डबा मी घासून, पुसून कपाटात ठेवला आहे. सरांचा सोलापूरचा पत्ताही मोरी-सानकडून लिहून घेतला आहे. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काय घालून पाठवावे, हे मला गेले आठ महिने सुचलेले नाही.