चुरींची चालती लॅबोरेटरी

चुरी कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी तिथलं टेबल ढकलून बघत. सरकलं तर खूश होऊन बसत. नाही सरकलं तर उभ्याउभ्या चहा पीत आणि जाताना यजमानाला सुनावत, "खिळून टाकलंयत तुम्ही याला. खिळलं की मेलं!"

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि चुरी लॅबोरेटरीत तपासनीस. रक्तात मलेरिया आहे का, थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का, हे मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं त्यांचं काम. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं ती. लॅबोरेटरी म्हणजे दवाखान्यामागची लांबट खोली, पूर्वीचं गवताचं गोदाम. तिथे वीज नव्हती. मायक्रोस्कोपखालच्या छोट्या आरशावर खिडकीतला उजेड घेऊन बघावं लागे, आणि उजेड काही सरकारी नोकर नव्हता; तो दिवसभर खिडक्या बदलत फिरे. चुरींच्या आधीचे तपासनीस दुपारनंतर डोळे चोळत बसत. चुरींनी टेबलांनाच चाकं लावली.

घोलवडच्या एका चिकूवाडीतल्या मोडक्या ढकलगाड्यांची चाकं होती ती. बसवून देताना जीवनभाई मिस्त्री म्हणाला, "चुरीभाई, आ टेबल छे के घोडागाडी?" चुरी गंभीरपणे म्हणाले, "लॅबोरेटरी छे."

अशी चार टेबलं झाली. रक्ताचं, थुंकीचं, शौचाचं आणि काचसामान धुण्याचं. जमिनीवर त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. नऊ वाजता रक्ताचं टेबल पूर्वेच्या खिडकीशी, दोनला पश्चिमेच्या. टेबल जागेवर आलं की चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या, म्हणजे मायक्रोस्कोप हलत नाही. तलासरीच्या बाजूला कॉलराची साथ आली तेव्हा चारपैकी तीन टेबलं एका सकाळीत जोडून शौच तपासायला लावली. थुंकीच्या टेबलाचा मात्र एकच नियम होता. वारा जिकडे जातो त्या टोकाला ते, आणि त्याच्या पलीकडे कोणी उभं राहायचं नाही.

हे ढकलाढकलीचं काम जिवलीचं. जिवली गंजाडच्या पाड्यावरची, काचसामान धुणारी बाई. डॉक्टरांपासून सगळ्यांना ती अरे-तुरे करी. सकाळी पदर खोचून विचारी, "सायेब, टेबलाला आज कंच्या गावाला नेऊ?" चुरी खिडकीबाहेर बोट ओलं करून धरत, वारा बघत आणि हुकूम देत. माणूस एकटा; लग्न केलेलं नाही, नातेवाईक कोणी येत नाहीत. दिवसभर ते जिवलीला जंतूंच्या सवयी समजावून सांगत आणि ती "बरा, बरा" म्हणत बाटल्या धुई. आम्ही बाकीचे त्यांचं बोलणं टाळायचो. खरं सांगायचं तर हसायचो.

मग नवी इमारत मंजूर झाली. चुरींनी आठवडाभर बसून नकाशा काढला. पुठ्ठ्याची लहान टेबलं कापली, नकाशावर मांडली आणि ठाण्याहून आलेल्या ओव्हरसियरसमोर एकेक सरकवून दाखवू लागले.

"आज मलेरिया आहे साहेब, उद्या दुसरं काही येईल. रोग बदलला की खोली बदलता आली पाहिजे. भिंती नकोत, पडदे द्या. ओटे नकोत, चाकं द्या."

ओव्हरसियरने गंमत म्हणून फुंकर मारली. पुठ्ठ्याची टेबलं उडून खाली पडली.

"चुरी, लॅबोरेटरी बांधायचीय. सर्कस नाही."

डॉक्टर हसले. मीही हसलो. चुरी वाकून पुठ्ठे गोळा करत राहिले.

नव्या इमारतीत सिमेंटचे ओटे आले, भिंतीत रुतलेले. थुंकीचा ओटा पश्चिमेच्या खिडकीखाली आणि त्याच्याच शेजारी, हातभर अंतरावर, धुण्याची मोरी. दुपारी समुद्रावरचा वारा खिडकीतून येई तो थुंकीच्या ओट्यावरून थेट जिवलीच्या तोंडावर. चुरींनी तीन अर्ज केले. उत्तर एकाचंच आलं, 'ओटे पक्के असल्याने हलविता येणार नाहीत.' जुनी टेबलं मोडीत निघाली आणि त्यांच्या फळ्या दवाखान्याच्या बंबात गेल्या.

दीड वर्षाने जिवली खोकू लागली. तिची थुंकी चुरींनी स्वतः तपासली. मला बोलावून मायक्रोस्कोप दाखवला. निळ्या रंगात क्षयाच्या जंतूंच्या बारीक लाल काड्या होत्या, भरपूर.

डॉक्टर म्हणाले, "पाड्यावर सगळेच खोकतात. तिथूनच लागलं असेल."

असेलही. पण त्या रविवारी भर दुपारी चुरींनी जीवनभाईकडून घण आणला आणि थुंकीचा ओटा फोडला. मी मागच्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. आवाज ऐकून धावलो. ते घामाने निथळत होते, पण डोकं अगदी ताळ्यावर होतं. मला म्हणाले, "मोरीकडचा भाग तेवढा राहिलाय. तुम्ही जा, उगाच अडकाल."

चौकशी झाली. साक्षीदार मी एकटाच. डॉक्टरांनी समजावलं, "तुम्हाला दोन मुली आहेत, राहायला क्वार्टर आहे. पाहिलंत तेवढं लिहा." मी लिहिलं. त्यांनी सुचवलेलं एक वाक्यही खाली घातलं, 'सदर इसम भ्रमिष्टासारखे वर्तन करीत होते.' ते मी पाहिलेलं नव्हतं. सही केली.

चुरींची बदली घाटावरच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात झाली. तिथे मायक्रोस्कोपसुद्धा नव्हता. देवी टोचल्याच्या नोंदी ठेवायच्या. जाताना त्यांनी माझ्या साक्षीचा विषय काढला नाही. जिवलीच्या गोळ्या आणि इंजेक्शनचं वेळापत्रक हातात दिलं. "मंगळवार आणि शुक्रवार. वजनही घेत जा, मला कळवा."

मी सायकलने गंजाडला जाऊ लागलो. जिवली अंगणात पडलेली असे. सुई टोचताना विचारी, "सायेब जेवतो का रं तिकडं? कोन देतं त्याला?" मी काहीतरी सांगायचो. पावसाळ्यात काही मंगळवार चुकले. चुकले म्हणजे मी चुकवले. श्रावण संपता संपता ती गेली.

चुरींचं कार्ड दर आठवड्याला येई, एकाच ओळीचं. 'जिवलीचं वजन किती?' ती गेली त्या आठवड्यात मला खरं लिहवेना. मी लिहिलं, 'चौऱ्याऐंशी पौंड.' पुढच्या वेळी पंचाऐंशी. नंतर शहाऐंशी. दिवाळीपर्यंत मी तिला ब्याण्णव पौंडांवर आणलं.

दिवाळीच्या रजेत चुरी स्वतःच दारात उभे राहिले. वाळले होते. मी चहा पुढे केला आणि म्हणू लागलो, की जिवली सध्या तिच्या भावाकडे गेलीय, तो पाडा खूप आत आहे, तुम्ही काही तिकडे...

"कंपाउंडर," ते म्हणाले, "त्या आजारात दर आठवड्याला बरोबर एक पौंड कोणाचंही वाढत नाही. मला दुसऱ्या-तिसऱ्या कार्डालाच कळलं."

 मी विचारलं, "मग दर आठवड्याला विचारत का राहिलात?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी पुसल्यासारखी स्वच्छ झाली तरी तिच्याकडेच बघत राहिले.

"तिकडे मला दुसरं कोणी लिहीत नाही."

गाडीची वेळ झाली. पायऱ्या उतरून ते थोडं पुढे गेले, थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "पुढच्या आठवड्याचं पाठवा."

सोमवारी मी कार्ड घेतलं. पत्ता घातला. खाली लिहिलं, 'त्र्याण्णव पौंड. भूक चांगली आहे. तुमची आठवण काढते.'