नारायणाने गाडीला हात लावू नये

सासरे अमृतराव परातीत जावयाचे पाय धुवत होते आणि पाटावर बसलेल्या दयानंदाचं सगळं लक्ष अंगणातल्या गाडीकडे होतं. अधिक महिना, धोंड्याचं वाण, जावई म्हणजे साक्षात नारायण, हे सगळं ठीकच. पण पंधरा वर्षं जुन्या त्या डिझेल गाडीचं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल सकाळी उदगीर ओलांडताच एका अंगाला कलंडायला लागलं होतं, आणि दोन वाजता नारायणाला लातूर गाठायचं होतं. तिथल्या एका आयटीआयमध्ये चोवीस मुलांची डिझेल मेकॅनिकची प्रात्यक्षिक परीक्षा तो घेणार होता. परीक्षकच आला नाही तर परीक्षा लांबणार आणि मुलांच्या ठरलेल्या नोकऱ्या हातच्या जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मामा, पाच मिन्टं गाडी बघून येतो," तो म्हणाला. "पेडलच्या पिनची क्लिप पडलीया, दुसरं काय न्हाई. डिकीत हायत माझ्याकडं क्लिपा."

अमृतरावांनी तांब्या खाली ठेवला. "आज? धोंडे खायाला आलेल्या जावयानं आमच्या दारात हात काळं करायचं? गाव काय म्हनंल? तुम्ही बसा गुमान. अंगद हाय की."

अंगद म्हणजे दयानंदाचा मेहुणा. घरात बिघडलेली प्रत्येक वस्तू दुरुस्तीला त्याच्याकडे जायची आणि बहुतेक कायमची जायची. त्याने गाडीत डोकं घातलं, पेडल हलवून पाहिलं आणि सोयाबीनच्या पोत्याची सुतळी आणून ते करकचून आवळलं. चावी फिरवताच इंजिन असं काही बोंबललं, की गोठ्यातली म्हैस दावं तोडून शेजाऱ्याच्या उसात शिरली. पाऊण तास म्हशीत गेला. जावयाने म्हशीमागे धावणंही धोंड्याच्या दिवशी रीतीत बसत नसल्यामुळे दयानंद पाटावरच राहिला.

म्हैस परत आल्यावर तो बसल्या जागेवरून ओरडला, "अंगद, सुतळी सोड अन् पिन आत ढकल फकस्त!"

"दाजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ!"

सुतळी कापताना पिन निसटली आणि अख्खं पेडल अंगदच्या हातात आलं. ते त्याने विजयी चेहऱ्याने आत आणलं आणि पिनसकट धोंड्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. "हे बघा, रोग सापडला."

"आप्पा, हे तेच शिकवतेत की आयटीआयमदी," दयानंदाची बायको बबिता न राहवून वडिलांना म्हणाली.

"शिकवनं येगळं, करनं येगळं," अमृतराव म्हणाले. "अन् येत आसलं तरी आज न्हाई. अंगद, उदगीरहून संगप्पाला घिऊन ये. लई नावाजलेला मिस्त्री हाय."

संगप्पा आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अंगद पुन्हा सुटलेल्या म्हशीमागे गेला. संगप्पाने पेडल न्याहाळलं आणि म्हणाला, "क्लिप पायजे. गाडीतल्या पिनच्या जागंचं माप घिऊन उदगीरहून आणावी लागंल."

"आणा की," डिकीतल्या क्लिपांचं सांगू पाहणाऱ्या दयानंदाला हातानेच थांबवत अमृतराव म्हणाले. " पर आधी जेवा. आज उपाशी माणूस दारातून जाऊ देत न्हाई आमी."

संगप्पाला पाट मांडला गेला. सासूबाईंनी त्याच्या ताटात तुपाची धार धरली. समोर दयानंद घड्याळ बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. बाराच्या आत निघालं नाही तर सगळं संपलं.

वाढता वाढता बबिता त्याच्या कानाशी वाकली. "हात धुवायच्या निमित्तानं जावा. आप्पा उठले तर मी खोकते."

आहेराच्या टॉवेलखाली पेडल लपवून नारायण बाहेर सटकला. नवा शर्ट उतरवून तो बनियनवर गाडीत आडवा झाला. पिन घातली, डिकीतली क्लिप बसवली, पेडल दाबून पाहिलं. चार मिनिटं लागली. तेवढ्यात बबिता दोनदा खोकली, आणि दोन्ही वेळा अमृतरावांनी खाली बसून तिला पाणी दिलं.

उजवा हात कोपरापर्यंत काळा झाला होता. शर्ट कसाबसा चढवून आणि तो हात टॉवेलात गुंडाळून दयानंद ओसरीवर येऊन उभा राहिला, तोवर संगप्पा जेवून माप घ्यायला गाडीकडे गेला होता. मागोमाग अमृतराव पोचले तेव्हा पेडल जागेवर होतं आणि संगप्पाचं डोकं गाडीत.

"वा रे वा! आलं की न्हाई ठिकाणावर!"

"मालक, म्या काय केलं न्हाई," संगप्पा गोंधळून म्हणाला. "हे आधीच बसलेलं हाय."

अमृतराव गहिवरले. "बघा जावईबापू! येवढं काम करून बी म्हनतोय, काय केलं न्हाई. ह्याला म्हनतेत कारागीर!"

दयानंद तोंड उघडणार, एवढ्यात दाराआडून बबिताने हात जोडले. सासऱ्यांनी जावयाकडून गाडी दुरुस्त करून घेतली, ही बातमी संध्याकाळपर्यंत चार गावांत गेली असती. त्याने हातावरचा टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला.

अमृतरावांनी संगप्पाला नारळ दिला, डोक्यावर टोपी घातली आणि सगळ्यांदेखत जावयाकडे वळले.

"तुमच्या पोरांना चार दिवस ह्याच्या हाताखाली धाडा. नुसतं पुस्तक शिकून काय व्हतंय? अन् राग मानू नका, तुमी बी सवड काढून येत जावा. कायतरी हातचं काम यावं मानसाला. नंबर घिऊन ठेवा ह्याचा."

बाराला दहा कमी होते, म्हणजे परीक्षा गाठता येणार होती.

"हाव, मामा," दयानंद म्हणाला आणि उजवा हात टॉवेलात तसाच ठेवून डाव्या हाताने संगप्पाचा नंबर मोबाईलमध्ये घेऊ लागला.