गवाणकरचा डबा

गवाणकरबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोसायटीतली तरुण मंडळी मागे लागतात, "पेंडसेकाका, तुमचे जुने मित्र आहेत, लिहा ना, धमाल येईल." धमाल येईल यात शंका नाही. पण ती लिहून झाल्यावर जे उरतं, ते लिहायला हात धजत नव्हता. आता ऐंशीकडे झुकलोय. लिहून टाकतो.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नवं लग्न झालेल्या मुलाला बाहेरचं जेवण सुखासुखी मिळत नाही. संध्याकाळी गवाणकर गेटपाशी वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. पार्सल घेऊन कुणी आलं की त्याची काठी आडवी होते.

"कोणाचा? पाचशे दोन? त्या निखिलचा? अरे, तेच्या लग्नाक वर्ष नाय झाला!"

मग इंटरकॉमवरून निखिलला खाली बोलावणं.

"काय मागवलंस?"

"चिकन लॉलीपॉप, काका. प्रोटीन असतं."

"तळलेला प्रोटीन! पालेभाजी कधी खाल्लंस?"

"पिझ्झ्यावर होती ना थोडी."

"आणि तो लॅपटॉप मांडीर घेऊन बसतंस? गरम होता मा?"

"काका, त्याचं नावच लॅपटॉप आहे."

"मग टेबलावरचो घे!"

त्याचा सगळा उपदेश एकाच गोष्टीभोवती फिरतो, आणि ती गोष्ट तो चारचौघांत बोलू नये इतक्या मोठ्यानं बोलतो. पुरुषाचं बीज. मासे खा, अक्रोड खा, पालेभाज्या, फळं, कडधान्यं खा. तळलेलं, बाटलीतलं गोड पाणी आणि सिगारेट सोडा. "आज खाल्लंस म्हणून उद्या नाय. बीज तयार होवक तीन म्हयने लागतत. थांबूक व्हया."

एकदा पूजेच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सुनेकडे बघून म्हणाल्या, "हिच्याकडून अजून काही बातमी नाही." गवाणकर प्रसादाचा द्रोण हातात धरून गरजला, "आधी झिलाचो रिपोर्ट दाखवा!" मुलाचा रिपोर्ट म्हटल्यावर भटजींची पळी तशीच हवेत राहिली. सुनेनं मात्र जाताना त्याला वाकून नमस्कार केला.

पोरं हसतात. "गवाणकर काका म्हणजे एक नंबर आयटम," म्हणतात. त्याला मूलबाळ नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या दोन गोष्टी जोडून कुणी पाहत नाही.

आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो, टेबलाला टेबल लागून. मी मूळचा पार्ल्याचा. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे, माशांचं तर नावच नको. पण दुपारी गवाणकरचा डबा उघडला की माझं सोवळं तासाभराच्या रजेवर जायचं. बांगड्याचं तिखलं, लाल माठाची भाजी, अक्रोडाचे लाडू. माझी बटाट्याची भाजी त्याच्यापुढे सरकवायची, जोडीला कँटीनचे समोसे, आणि त्याचा डबा मी ओढायचा, असा आमचा नेमच पडला होता. "घे रे पेंडश्या, तुका आवडता," तो म्हणायचा. समोर बसलेल्याला नाही म्हणणं त्याला जमतच नसे.

एक दिवस त्याच्या बायकोनं, सुमतीवहिनींनी, मला इमारतीच्या जिन्यात गाठलं.

"भावजी, हे डबा पुरा खातात ना हो?"

"का?"

त्या भिंतीकडे बघत बोलल्या. "रिपोर्ट त्यांचा चांगला आला नाही. डॉक्टर म्हणाले, खाणं सुधारून बघू, काहींना उपयोग होतो. म्हणून मी सगळं निवडून देते. मी बोलले असं सांगू नका हं, त्यांना फार लागेल. तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

"चाटूनपुसून खातो, वहिनी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्याला हात लावायचा नाही, असं ठरवून गेलो. डब्यातून हळदीच्या पानातले पेडवे मासे निघाले. एकाएकी नको म्हटलं तर याला संशय येईल, असं मी स्वतःला समजावलं आणि हात पुढे केला. नंतरही तेच समजावत राहिलो.

पुढचा रिपोर्ट होता तसाच आला. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "खाण्यात कसर नव्हती हो, भावजींनी लक्ष ठेवलं होतं. आता नशीबच म्हणायचं." उपाय तिथेच थांबले. तो डबा त्याच्याच पोटात गेला असता तर मूल झालंच असतं, असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. पण नीट करून बघणंसुद्धा त्या दोघांच्या वाट्याला आलं नाही. पुढे माझ्या धाकट्याच्या बारशाला वहिनींनी टोपडं विणून आणलं. ते त्याच्या डोक्यावर त्यांनीच बांधलं.

वहिनी जाऊनही बरीच वर्षं झाली. गवाणकर एकटा राहतो, स्वतःच रांधतो. आमच्या घरात आता मासे चालतात, त्यामुळे अधूनमधून डबा घेऊन वर येतो.

गेल्या महिन्यात तिखलं घेऊन आला. मला वाढलं आणि समोर बसला. गेटवरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"पेंडश्या, ती शेवटपर्यंत समजत होती, मी डबा खातंय. मी तुका देय होतंय. तो डबो कशासाठी होतो, ता तुका सांगूक माका लाज वाटली. लाजेपायी सगळा गेला. म्हणून ह्या पोरांका ओरडतंय." मग माझ्याकडे पाहून घाईघाईनं म्हणाला, "तू कित्याक तोंड पाडतंस? तुका खंय म्हायत होता? तुझो काय दोष?"

मला माहीत होतं. जिन्यातल्या त्या दिवसापासून माहीत होतं.

"गवाणकर," मी घास खाली ठेवला, "अरे, मला..."

"मीठ कमी झाला?"

तो काळजीनं माझ्या ताटाकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

त्यानं आणखी एक तुकडी वाढली. मी ती खाल्ली.