दांडखारच्या अर्जाची शेवटची ओळ

दांडखारच्या बांधाला श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात खेकड्याने भोक पाडले. भोक मुठीएवढे होते, बांध सरकारी होता आणि बांधापलीकडे खाडी होती. अलीकडे नाथाचे तीस गुंठे भात होते. खारे पाणी एकदा शेतात शिरले की जमीन तीन वर्षे रुसते, हे नाथाला कोणी शिकवायची गरज नव्हती. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला अठरा दिवस होते.

चिखलाच्या दोन घमेल्यांत काम झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पुंडलिकने अशीच दोन घमेली टाकली, तेव्हा त्याला ‘सरकारी बांधास खाजगी चिखल लावल्याबद्दल’ नोटीस आली होती आणि तो चिखल चार मजुरांनी येऊन, मोजून, परत काढला होता. म्हणून नाथाने अर्ज करायचे ठरवले.

प्रत्यक्ष पाहणी केली. सर्व ठीक आहे.

पेणच्या बांध-निगराणी उपकार्यालयात वर्षापूर्वी कॉम्प्युटर आला होता. तेव्हापासून हातचा अर्ज अस्वच्छ समजला जाई. अर्ज एसटी स्टँडजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये, कार्यालयानेच दिलेल्या फ्लॉपीतल्या नमुन्यावर टाइप करून घ्यायचा, छापील कागदावर सही करायची आणि कागदासोबत फ्लॉपीही जमा करायची, असा नियम होता. सेंटर भाविका नावाची मुलगी चालवीत असे.

“बांधाला भोक पडलंय, उधाणाआधी बुजवा. येवढंच लिव गो,” नाथा म्हणाला.

भाविकाने ते दीड पानात बसवले. प्रिंटर किरकिरला, कागद बाहेर आला. खाली एक ओळ जास्त होती. प्रत्यक्ष पाहणी केली, सर्व ठीक आहे.

“ही कोनी घातली?”

“मी नाय घातली, काका. आपोआप येते. पुसली तरी परत उगवते.”

“पन ठीक नाय म्हनून तर अर्ज हाय.”

“सगळ्यांच्याच कागदावर असते ती. वाचतंय कोण?” असे म्हणून भाविकाने सहीची जागा दाखवली. नाथाने सही केली.

प्रत्यक्ष पाहणी केली. सर्व ठीक आहे.

हेडक्लार्क दिनानाथ यांनी अर्ज वाचला, म्हणजे खालून वर पाहिला.

“तुम्हीच लिहिलंय, सर्व ठीक आहे.”

“ती ओळ माझी नाय, सायब.”

“सही?”

“सही माझी.”

“सही ओळीच्या खाली आहे. वर असती तर विचार केला असता.”

ओळ आपली नसल्याचा दुसरा अर्ज करावा, असा सल्ला मिळाला. नाथाने केला. त्याच्याही खाली तीच ओळ आली. म्हणजे ओळीबद्दल तक्रार आहे आणि तरी सर्व ठीक आहे, असे नाथाने सही करून दिले. यात आठ दिवस गेले. भोकातून आता म्हशीचे डोके गेले असते. नाथा रोज सकाळी बांधावर जाई आणि मग पेणला येऊन कार्यालयाच्या बाकावर बसे.

प्रत्यक्ष पाहणी केली नाही. सर्व ठीक नाही.

नवव्या दिवशी प्रिंटर बंद पडला, तेव्हा मात्र कार्यालय हादरले. उपअभियंता हैबतराव यांनी रोह्याहून मितेशला बोलावले. हा तरुण तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करी. निडी, नागोठणे अशी स्टेशने करीत तो दुपारच्या गाडीने आला, प्रिंटरमधून एक झुरळ काढले आणि सवयीने फायलीही तपासल्या.

“साहेब, तुमच्या फायलींत किडा आहे,” तो म्हणाला. “कोणीतरी कागदाच्या पोटात हुकूम लपवलाय. तुम्ही फाईल वाचायला उघडता, पण हा प्रोग्रॅम नुसता वाचत नाही, आत जे लिहिलंय ते करून टाकतो.”

“कागद उघडला की लगेच काम करतो?” हैबतरावांचा चेहरा उतरला. “आपल्या कार्यालयात?”

“हुकूम असा आहे की प्रत्येक कागदाखाली ती ओळ घालायची आणि पुढच्या फायलीत आपली नक्कल सोडायची. तुमची नमुन्याची फ्लॉपीसुद्धा किडकी आहे. अकरा महिने चाललंय हे.”

“मंजे खेकड्याचं बीळ,” नाथा बाकावरून म्हणाला. “बांध उभा दिसतो, पानी आतनं येतं.”

“अगदी तसंच, काका.”

अकरा महिन्यांचे कागद काढण्यात आले. ओळ बांधातून पाणी सोडायची उघाडी कोसळल्याच्या अहवालाखाली होती, संडासाला दार नसल्याच्या तक्रारीखाली होती, आणि शिपाई सखा वारला तेव्हाच्या शोकप्रस्तावाखालीही होती. सगळ्यांवर हैबतरावांची सही होती.

“कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?” मितेशने विचारले.

“येणार कसं?” दिनानाथ दुखावल्या आवाजात म्हणाले. “किड्याच्या आधीही आम्ही तीच ओळ घालत होतो. हाताने.”

मितेशने किडा काढला. दुसऱ्या दिवशी सात बांधांचे अहवाल ओळीशिवाय साहेबांसमोर आले. हैबतरावांनी पेन उघडले, कागदाच्या तळाशी बराच वेळ पाहिले आणि पेन मिटले.

“पाहणीचं काय?”

“ती किडाच करत होता, साहेब,” दिनानाथ म्हणाले.

“मग आता कोणी करायची?”

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पाऊस होता, रस्त्यांवर चिखल होता, बांध तर नुसते चिखलाचेच होते. अर्ध्या तासात ठराव झाला: सदर किडा हा किडा नसून ‘स्वयंचलित पाहणी व्यवस्था’ आहे, आणि ती पूर्ववत बसवण्यात यावी. मितेशला परत बोलावण्यात आले; तो चार दिवसांनी आला.

“मी किडे काढतो, साहेब. घालत नाही.”

“घालायचा नाही, पुनर्स्थापित करायचा आहे.”

मितेश नाइलाजाने कॉम्प्युटरसमोर बसला. उधाणाला चार दिवस उरले होते. नाथा त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

“दादा, घालतोसच तर खरी तरी घाल.”

मितेशने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग साहेबांच्या केबिनकडे पाहिले. आणि ओळीत दोन ठिकाणी बदल केला.

“पहिलाच कागद हातात घेतला की साहेब ताडकन उठतील,” तो हळूच म्हणाला. “मग जीप थेट तुमच्या बांधावर.”

नाथा त्या दिवशी बाकावर ताठ बसला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हैबतरावांनी त्रेसष्ट कागदांवर सह्या केल्या. प्रत्येकाखाली लिहिले होते: प्रत्यक्ष पाहणी केली नाही. सर्व ठीक नाही. त्रेसष्टांत दांडखारचा कागदही होता. दिनानाथांनी त्याची प्रत नाथाला दिली.

“सायब, खाली वाचा की जरा.”

“आली ना ओळ?” दिनानाथ समाधानाने म्हणाले. “आता तुमचा कागद पूर्ण झाला.”

नाथाने विचार केला की एवढ्या सह्या करून माणूस दमतो, उद्या वाचेल. उद्या उजाडल्यावर त्याने विचार केला की परवा वाचेल. वरच्या कार्यालयात कोणी वाचेल. घरी बायको ठमाबाई पेंढा आणि घमेली घेऊन दारात उभी होती.

“नोटीस आली तर येऊ द्या,” ती म्हणाली. “चला आदी बांधावर.”

“थांब गो. आता कागद खरा झालाय. कोनीतरी वाचलंच.”

पिठोरीच्या दुपारी दोघे बांधावर गेले, तेव्हा चिखल लावायला बांधच उरला नव्हता. वीस हातांची खांड पडून तेवढा बांध वाहून गेला होता. भाताच्या फुटव्यांत खाडी निवांत पसरली होती आणि त्यातून एक खेकडा तिरका तिरका, घरच्यासारखा, चालला होता.

चार दिवसांनी दिनानाथ पंचनामा घेऊन आले. तो पेणलाच टाइप करून आणला होता. जीप सुक्या रस्त्यावर थांबली, नाथा गुडघाभर खाऱ्या पाण्यातून तिच्यापर्यंत गेला आणि बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

“वाचलात तरी काय?” ठमाबाईने विचारले.

“वाचायचं काय? शेवटी काय असतं ते म्हाईत हाय.”

तीच ओळ या गोष्टीतही वर तीन वेळा एकटीच आली आहे. तिसऱ्या वेळी, मितेश अजून रोह्याहून निघालाही नव्हता, तेव्हाच तीत दोन ‘नाही’ होते. उधाणाला दहा दिवस शिल्लक होते. आपण वाचलेत आणि पुढे गेलात.

खाली सहीसाठी जागा सोडली आहे.