मी इथंच आहे

कर्मचाऱ्यांचे रक्तदाब वाढत असल्याचे वरिष्ठांच्या निदर्शनास आले, आणि ते तातडीने कमी करण्याचा आदेश निघाला. आदेश न पाळणाऱ्याचा रक्तदाब शिस्तभंग समजला जाणार होता.

मोठे कारकून निवृत्तीला टेकले तरी बढतीची आस सोडत नव्हते. उभ्या नोकरीत त्यांनी साहेबांना उलट उत्तर दिले नव्हते; त्यांच्यापेक्षा टेबलावरची घंटी जास्त बोले. आता बढतीला एकच अट उरली होती: रक्तदाब साहेबांसमक्ष नॉर्मल यायला हवा.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. पारा सरसर चढला.

"भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं," डॉक्टर म्हणाले. "छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो. कारण गेलं की उतरतो. काय कारण आहे?"

कारण समोर हाताची घडी घालून उभं होतं.

"जिना चढून आलो," मोठे कारकून पुटपुटले.

"मग निवांत बसा," साहेब म्हणाले. "मी इथंच आहे."

पारा आणखी चढला. संध्याकाळी नोटीस आली: कार्यालयीन वेळेत विनापरवाना अ‍ॅड्रेनलिन सोडल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा लिहिता लिहिता आणखी सुटले. ते वेगळ्या नोटिशीत धरले गेले.

घरी बायकोने शेजारच्या आजोबांचे यंत्र आणून दाब मोजला. नॉर्मल!

"घरचा दाब ऑफिसात चालत नाही गं."

"अहो, मग साहेबांना बाहेर जायला सांगा की! खाणार आहेत का ते तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधताच मोठ्या कारकुनांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, आपण जरा बाहेर थांबता का?"

साहेबांना आजवर कुणी बाहेर काढले नव्हते. ते बाहेर जाऊन बाकावर बसले. आत पारा शहाण्यासारखा खाली आला. बाहेर डॉक्टरांनी साहेबांचा दाब मोजला; तो चढलेला निघाला, आणि आदेशानुसार त्यांना सक्तीच्या विश्रांतीवर पाठवावे लागले. खुर्ची रिकामी झाली; समक्ष बघायला साहेबच उरले नाहीत, तेव्हा बढती मिळाली.

पुढच्या तपासणीला धाकट्या कारकुनाच्या दंडाला पट्टा बांधला. नवे साहेब हाताची घडी घालून समोर उभे राहिले आणि मायेने म्हणाले, "घाबरू नकोस रे. मी इथंच आहे."

हसलात? हसा. पण आज मुलाच्या खोलीच्या दारात उभे राहून "तू निवांत अभ्यास कर, मी इथंच आहे" म्हणाल, तेव्हा आधी हाताची घडी तेवढी सोडा.